एका कुकरपासून सुरुवात : एकट्याने राहणाऱ्यांसाठी रोजच्या जेवणाचा पहिला महिना

गेल्या वर्षी जून महिन्यात माझी भाची स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी लातूरहून पुण्यात आली आणि तिघी मैत्रिणींनी मिळून सदाशिव पेठेत एक खोली भाड्याने घेतली. पहिले दोन महिने दोन्ही वेळा मेसचा डबा होता. सकाळचा डबा दुपारी दोनला उघडला जायचा, रात्रीचा अर्धा तसाच राहायचा आणि अकराच्या सुमारास भूक लागली की खालच्या गाडीवर जाऊन काहीतरी तळलेले खाल्ले जायचे. दुसऱ्या दिवशी ‘काल फार झाले’ म्हणून सकाळचा नाश्ता बंद, त्यामुळे रात्री पुन्हा तीच भूक. शेवटी एका रविवारी तिचा फोन आला, “मावशी, मला स्वयंपाक शिकव गं. सगळा नको, रोजच्यापुरता शिकव.” पुढच्या महिनाभरात मी तिला फोनवर जे सांगत गेले, तेच येथे क्रमाने मांडले आहे.

घरचे जेवण पौष्टिक कसे असावे याची माहिती आता कुठेही मिळते. नवख्या माणसाचे अडते ते दुसरीकडेच. पहिल्याच दिवशी पोळी, भाजी, आमटी, कोशिंबीर असे सगळे एकदम करायला घेतले जाते, त्यात दोन तास जातात, मोरीत भांड्यांचा ढीग पडतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा बाहेरचे खाणे सुरू होते. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो, की आठवड्याला एकच गोष्ट हातात बसवावी, ती रोज करावी आणि ती विचार न करता होऊ लागली की मगच तिला दुसरी जोडावी. त्या आठवड्यात बाकीचे ताट दही, फळ, भाजके शेंगदाणे किंवा विकतच्या पोळ्या यांनी भरून काढण्यात कोणताही कमीपणा नाही.

सामान

दोन डबे आत बसतील असा ५ लिटरचा कुकर, एक लोखंडी कढई, एक तवा, एक परात, फोडणीचे कढले, डाव, सांडशी, सुरी आणि मिसळणाचा डबा एवढ्यात एका माणसाचा संसार चालतो. लोखंडी कढईत शिजवलेल्या भाजीत थोडे लोह उतरते, हा तिचा फायदा आहे. मात्र चिंच किंवा आमसूल घातलेला आंबट पदार्थ तिच्यात काळा पडतो, त्यामुळे तो स्टीलच्या पातेल्यात करावा. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, लाल तिखट, धणे-जिरे पूड आणि गोडा मसाला ठेवावा. हिंगाची डबी मात्र वेगळी असावी, कारण त्याचा वास सगळ्या डब्याला लागतो. किराणा पहिल्यांदा थोडाच आणावा: दोन किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो मूगडाळ, पाव किलो मटकी, अर्धा किलो बेसन, पाव किलो शेंगदाणे, गूळ, आमसूल, तेल, तूप आणि आयोडीनयुक्त मीठ. एकट्याच्या घरात महिन्याचा किराणा एकदम भरला की डाळीत किडे होतात आणि अन्न टाकून देण्याची वेळ येते.

पहिला आठवडा : वरण-भात

एका वेळी एका माणसासाठी अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी तूरडाळ पुरते. दोन्ही वेगवेगळे, पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवावेत. डाळ अर्धा तास भिजवली तर ती लवकर आणि एकसारखी शिजते. डाळीच्या डब्यात डाळीच्या तिप्पट पाणी, दोन चिमटी हळद, चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा तेल घालावे. तांदूळ जुना कोलम असेल तर दुप्पट पाणी लागते. इंद्रायणी किंवा नवा तांदूळ असेल तर पाणी थोडे कमी घ्यावे, अन्यथा भात गिच्च होतो. इंद्रायणी मुळातच मऊ आणि किंचित चिकट असतो, त्यामुळे तो मोकळा झाला नाही म्हणून आपले काही चुकले असे समजू नये.

कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी घालून त्यात जाळी ठेवावी. हे पाणी विसरले तर कुकर कोरडाच तापतो आणि झडपही उडू शकते, म्हणून झाकण लावण्यापूर्वी तळात पाणी आहे ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये त्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकली की कुकर आतून काळा होत नाही. डाळीचा डबा खाली आणि भाताचा वर ठेवावा. शिट्टीचे भोक मोकळे आहे आणि झाकणाची रिंग नीट बसली आहे याची खात्री करून कुकर मोठ्या आचेवर चढवावा, पहिली शिट्टी झाली की आच मध्यम करावी आणि आणखी तीन शिट्ट्या होऊ द्याव्यात. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी; त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि त्या वेळात अन्न आत शिजतच असते. घाईने शिट्टी उचलून झाकण ओढू नये, त्याने हात भाजतो.

भाचीचा पहिला फोन याच टप्प्यावर आला. चार शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, भात उत्तम झाला, पण डाळीचा दाणा न् दाणा वेगळा. मी विचारले, पाणी कोणते घेतलेस? तिच्या इमारतीत वापराला बोअरचे पाणी येत होते आणि तेच तिने डाळीला घेतले होते. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांमुळे डाळीचे दाणे मऊ पडत नाहीत आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी डाळ दाताखाली येते. दुसऱ्या दिवशी तिने पिण्याचे पाणी वापरले, डाळ आधी भिजवली आणि वरण मेणासारखे शिजले. डाळ फार जुनी असेल तरीही असेच होते, अशा वेळी दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात.

शिजलेली डाळ गरम असतानाच डावाच्या पाठीने डब्याच्या कडेला दाबत घोटावी. आधी ती रवाळ दिसते, मग हळूहळू एकजीव होऊन डावावरून जाडसर धारेने पडू लागते. तेव्हा चवीपुरते मीठ, सुपारीएवढा गूळ आणि हवे तेवढे गरम पाणी घालून एक उकळी आणावी. गरम भाताची मूद, त्यावर हे वरण, चमचाभर साजूक तूप आणि लिंबाची फोड, एवढ्याने जेवण पूर्ण होते. लायसिन आणि मिथिओनिन हे प्रथिनांतले दोन आवश्यक घटक; धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी असते आणि डाळीच्या प्रथिनात मिथिओनिन कमी असते. दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहा मात्र याच्या उलट काम करतो, त्यामुळे जेवणाला लागून चहा न घेता तासाभराचे अंतर ठेवावे.

सात दिवस हेच खाऊन कंटाळा येईल, अशी भीती बहुतेकांना वाटते. त्यासाठी एक दिवस तूरडाळीऐवजी मूगडाळ घ्यावी, एक दिवस तांदूळ आणि मूगडाळ एकत्र करून खिचडी लावावी, एक दिवस भातावर दही घ्यावे. कुकर लावण्याची कृती तीच राहते आणि हाताला तीच सवय व्हायची असते.

दुसरा आठवडा : फोडणी

फोडणी आली की अर्धा मराठी स्वयंपाक आला, असे मी मानते, कारण आमटी, उसळ, पिठले, पालेभाजी आणि फोडणीचा भात या सगळ्यांचे पहिले दोन मिनिटांचे काम एकच आहे. तेल मध्यम आचेवर तापवावे आणि मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो लगेच तडतडला तर तेल तयार आहे, नुसता तळाशी बसला तर थांबावे. मोहरी पूर्ण तडतडू द्यावी, कारण कच्ची मोहरी कडवट लागते. मग जिरे, हिंग, मिरची आणि कढीपत्ता घालावा. कढीपत्ता ओला असेल तर तेल उडते, म्हणून तो आधी पुसून घ्यावा. हळद सर्वांत शेवटी घालावी आणि लागलीच भाजी किंवा पाणी टाकावे, नाहीतर ती काळी पडून सगळा पदार्थ करपट लागतो. एका माणसाच्या भाजीला दोन लहान चमचे तेल पुरते. बाटलीतून थेट न ओतता चमच्याने मोजून घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

या आठवड्यात दोनच पदार्थ करावेत. पहिले पिठले, कारण घरात भाजी नसतानाही ते होते. पाव वाटी बेसन पाऊण वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, कढईत लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी करून त्यात कांदा परतावा, आच मंद करून एका हाताने पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, मीठ घालावे आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ आणावी. बेसनाचा कच्चा वास गेला आणि पिठल्याला चकाकी आली की ते शिजले.

दुसरा पदार्थ मटकीची उसळ. अर्धी वाटी मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड आलेले असतात. थंडीत त्यांना जास्त वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या भांड्यात ठेवून ते भांडे उबदार जागी ठेवावे. मोड आल्याने कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातील क जीवनसत्त्व वाढते. फोडणीत मटकी परतून वाटीभर गरम पाणी घालावे, झाकण ठेवून पंधरा मिनिटे शिजवावी आणि शेवटी गोडा मसाला, मीठ, गूळ, दोन आमसुले व चमचाभर दाण्याचे कूट घालावे. अर्ध्या वाटी कोरड्या मटकीची उसळ दोन वेळा पुरते.

तिसरा आठवडा : भाजी, कोशिंबीर आणि बाजारहाट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० किलोकॅलरींच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे त्यांत सुचवलेले आहे. ४०० ग्रॅम ऐकून नवखा माणूस दचकतो, पण दुपारी वाटीभर फळभाजी, रात्री पालेभाजी आणि दोन्ही वेळा काकडी, टोमॅटो किंवा गाजराची कोशिंबीर घेतली तर आपण त्या आकड्याच्या बरेच जवळ जातो. रोज तराजू घेऊन बसण्याची गरज नाही, ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने भरला आहे ना, एवढे पाहावे.

मंडईत आठवड्यातून दोनदा जावे आणि हंगामाचे आणावे, कारण ते स्वस्तही असते आणि ताजेही. नवख्यांनी पालेभाजीला घाबरू नये. मेथी, पालक, चाकवत, शेपू, अंबाडी यांपैकी कोणतीही जुडी आणली की निवडण्याला वेळ लागतो, शिजण्याला नाही. जुडी आणल्याबरोबर निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी आणि करायच्या वेळी भरपूर पाण्यात तीन वेळा धुवून मगच चिरावी. चिरून धुतली तर तिचे सत्त्व पाण्याबरोबर जाते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळ अशा रानभाज्या बाजारात येतात. त्या जरूर खाव्यात, परंतु शेवळासारखी भाजी नीट केली नाही तर घशाला खाजते, तेव्हा ज्या बाईकडून ती घेतो तिलाच कृती विचारावी. ती आनंदाने सांगते असा माझा अनुभव आहे.

मिठाबद्दल एक सावधगिरी सांगते. दिवसाला एका माणसाच्या पोटात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट भरलेल्या एका लहान चमच्यापेक्षा, जास्त मीठ जाऊ नये. त्यात लोणचे, पापड, फरसाण आणि वेफर्समधले मीठही धरलेले आहे. ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी या लेखातील प्रमाणे तशीच न घेता आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

चौथा आठवडा : भाकरी

पोळी आधी शिकावी की भाकरी, यावर घराघरांत मतभेद आहेत. लातूरच्या मुलीला ज्वारीची भाकरी हवी होती म्हणून आम्ही तिथून सुरुवात केली आणि आता मी सर्वांना तेच सुचवते, कारण भाकरीला लाटणे लागत नाही, तेल लागत नाही आणि एका वेळी एकच करता येते.

पीठ ताजे असावे. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते, म्हणून एका वेळी किलोभरच दळून आणावे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला चिकटपणा येण्यासाठी पाणी कडकडीत गरम घ्यावे लागते. परातीत वाटीभर पीठ घेऊन त्यात गरम पाणी थोडे थोडे घालत चमच्याने कालवावे, हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने चांगले चार-पाच मिनिटे मळावे. गोळ्याला बोट लावले असता भेग पडली नाही, तर पीठ मळून झाले. परातीत कोरडे पीठ पसरून त्यावर गोळा ठेवावा आणि बोटांनी हलके थापत, परातीत गोल फिरवत मोठा करावा. भाकरी खाली चिकटली आणि फिरेनाशी झाली, की पीठ कमी पडले असे समजावे.

थापलेली भाकरी तापलेल्या तव्यावर पिठाची बाजू वर येईल अशी टाकावी आणि त्या बाजूला ओल्या हाताने सगळीकडे पाणी फिरवावे. हे पाणी सुकत आले, पण अजून पूर्ण वाळले नाही, नेमक्या त्या क्षणी ती उलटावी. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू तव्यावर खमंग भाजून झाली की तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरावी. कडेपासून वाफ भरत जाते आणि पापुद्रा सुटतो. माझ्या भाचीच्या पहिल्या आठ भाकऱ्या फुगल्या नाहीत. त्या तिने दुधात आणि ताकात कुस्करून खाल्ल्या, आणि त्याही अन्नच होत्या. नववी फुगली तेव्हा तिने रात्री साडेनऊला मला तिचा फोटो पाठवला.

ज्वारीबरोबर हिवाळ्यात बाजरी आणि एरवी नाचणी अधूनमधून घ्यावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, तितके दुसऱ्या कोणत्याही रोजच्या धान्यात नसते.

उरलेले अन्न

शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. भातात एक जिवाणू असा असतो, की त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की तो वाढून विष तयार करतो. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा, शेंगदाणे घालून त्याचा फोडणीचा भात करावा. फ्रीज नसेल तर मोजूनच शिजवावे. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा आणि शिळ्या भाकरीचा ताकातला काला हे आपल्याकडचे उत्तम नाश्ते आहेत.

जेवताना

कृती येऊ लागल्या तरी जेवणाविषयीची मनातली ओढाताण आपोआप संपत नाही, तिच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. भाचीच्या बाबतीत पहिला बदल वेळेचा केला. सकाळी काहीतरी, दुपारी एकच्या आसपास जेवण, पाचला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक फळ आणि रात्री साडेआठला पुन्हा जेवण. दुसऱ्याच आठवड्यात अकरा वाजताची ती अनावर भूक थांबली, कारण तिचे मूळ दिवसभराच्या उपासमारीत होते. आदल्या दिवशी जास्त खाल्ले म्हणून दुसऱ्या दिवशीचे जेवण कधीही चुकवू नये. एखाद्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर वडापाव खावासा वाटला तर तो गरम असताना, चटणी लावून, चवीने खावा आणि रात्री भूक लागेल तेव्हा नेहमीचा वरण-भात जेवावा. त्याला पाप म्हणू नये आणि त्याचे प्रायश्चित्तही घेऊ नये.

आपल्या घरांतून दोन संस्कार घट्ट रुजलेले असतात, एक आग्रहाचा आणि दुसरा पानात काही न टाकण्याचा. दोन्हींमागे माया आहे, पण दोन्ही एकत्र आले की पोट भरल्यानंतरही माणूस खात राहतो. यावर साधा उपाय असा, की पहिल्यांदा वाढून घेताना कमीच घ्यावे आणि भूक असेल तर पुन्हा घ्यावे, म्हणजे पानही स्वच्छ राहते आणि पोटाचेही ऐकले जाते. सुट्टीत घरी गेल्यावर आई किंवा आजी आणखी एक पोळी वाढू लागली, तर “आत्ता पोट भरलंय, संध्याकाळी खाईन” असे प्रेमाने सांगावे आणि संध्याकाळी खरेच खावी.

एकटे असलो तरी ताट वाढून, बसून जेवावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा पालथा ठेवावा. पातेल्यातून उभ्याने खाल्लेल्या भाताची मोजदाद पोटाला आणि मनाला दोघांनाही राहत नाही. उपवास असेल तर दिवसभर केवळ साबुदाण्यावर राहू नये. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टच असतो, तेव्हा त्याच्या जोडीला शेंगदाणे, राजगिरा, ताक आणि फळे घ्यावीत. अन्नाचा, वजनाचा किंवा खाल्ल्याच्या अपराधाचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल, जेवण टाळले जात असेल किंवा खाल्लेले उलटून टाकावेसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी संकोच न करता डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

आजारपणाचे दिवस

एकट्याने राहणाऱ्याने एक पदार्थ मात्र अंगात ताप असतानाही करता येईल इतका सोपा करून ठेवावा. पाव वाटी तांदूळ धुवून पाचपट पाणी आणि थोडे मीठ घालून कुकरला पाच शिट्ट्या द्याव्यात, वाफ जिरली की डावाने थोडा घोटून मऊ भात ताटलीत पसरावा, वर तूप आणि दोन चमचे मेतकूट घालावे. मेतकुटाची बरणी घरून येताना आणावी, ती बरेच दिवस टिकते. बाजूला लिंबाच्या लोणच्याची एक फोड असली की तापातही दोन घास जास्त जातात.